आभार कापायचे नाहीत

पहिली खुर्ची उडाली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. लाल प्लॅस्टिकची खुर्ची. विनता सुभेदारच्या खांद्याला घासून ती मागच्या कनातीत अडकली. विनतानं मान वळवली नाही. चौदा वर्षं हा कार्यक्रम करताना ती एक गोष्ट शिकली होती. भांडण पेटलं की माणसांकडे पाहायचं नाही, कॅमेऱ्याकडे पाहायचं. कॅमेरा चालू आहे याची आठवण राहिली की लोक हात आवरतात.

त्या रविवारी कुणी हात आवरला नाही.

‘बोल मोहल्ला’ हा जबलपूरच्या एका केबल चॅनलचा कार्यक्रम होता. दर रविवारी सकाळी विनता एखाद्या वस्तीत जायची, सतरंजी पसरायची, पन्नास खुर्च्या मांडायची. लोक माइक घेऊन तक्रारी सांगत आणि ज्यांच्यावर तक्रार असे ते समोर बसून उत्तर देत. संकलन करून तो तास पुढच्या रविवारी अकरा वाजता दाखवला जाई. एरवी विषय असायचे नाल्या, दिवे, मोकाट कुत्री. या वेळी कार्यक्रम रिछाईच्या कारखान्यांमागच्या नवजीवन कॉलनीत होता. कागदावर विषय ‘पाणी’ असा लिहिला होता, पण आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की विषय भय्यासाहेबांचा आहे.

भय्यासाहेब खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या समितीचे सचिव. चौकातल्या सार्वजनिक बोअरला बंटी नावाच्या तिथल्या गुंडानं स्वतःचं कुलूप लावलं होतं आणि तिथलंच पाणी टँकरनं तो कॉलनीला विकत होता. भय्यासाहेबांनी ते कुलूप दोनदा तोडलं. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी ते त्याच बोअरजवळ डोकं फुटलेल्या अवस्थेत सापडले आणि तिसऱ्या दिवशी गेले. पोलिसांच्या कागदात ‘शेवाळावरून पाय घसरून’ असं आलं. चौकाभोवती चाळीस घरं होती, आणि एकाही घरातून कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

माइक भय्यासाहेबांच्या मुलीच्या, ऋचाच्या हातात होता. तिनं हेच विचारलं. “चालीस घर हैं. सब के सब सो रहे थे?”

मागून एक जण म्हणाला, “बाप पीता था तेरा. गिर गया.”

ऋचा माइकसकट मागे गेली आणि त्या माणसाच्या तोंडावर तिनं तो माइकच हाणला. दात तुटल्याचा आवाज स्पीकरमधून सगळ्या चौकात ऐकू गेला. मग खुर्च्या उडाल्या. तिघांनी ऋचाला केसांनी धरून सतरंजीवरून ओढलं. सोडवायला गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातावर कुणी बूट रोवून उभं राहिलं. कनातीचा बांबू निसटून कॅमेरामन दिवाकरच्या कानावर बसला. त्यानं एक डोळा मिटून घेतला आणि दुसऱ्यानं शूटिंग चालू ठेवलं.

दोन्ही बाजूंना बोलवायचं हा कार्यक्रमाचा नियम. म्हणून बंटी पहिल्या रांगेतच होता. सगळं होईस्तोवर तो पायावर पाय टाकून बसून राहिला. शेवटी उठला, आपल्या माणसांना नुसतं “चलो, बस” म्हणाला, आणि ती माणसं थांबली. मग त्यानं स्वतः दोन खुर्च्या सरळ केल्या.

“दीदी, पानी पिएँगी?” तो विनताला म्हणाला. “अपना ही बोर है.”

तिनं पदर सारखा केला, पर्समधून चिठ्ठी काढली आणि फाटक्या कनातीसमोर उभं राहून आभार मानले.

याला दिवाकर नेहमी हसायचा. पण विनता महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात वाढलेली. तिचे वडील तिथं वर्षानुवर्षं आभारप्रदर्शन करत. नाटक पडो, गवयाचा घसा बसो, मांडवाला आग लागो, सतरंजी देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कार्यक्रम संपला असं त्यांच्या घरी मानतच नसत. कार्यक्रमाचं संकलन करणाऱ्या वैभवीला विनताचा कायमचा हुकूम होता. रडणं काप, शिव्या काप, माझे प्रश्न काप, पण आभार कापायचे नाहीत.

त्या दिवशी तिनं चिठ्ठी वाचली. वीज दिल्याबद्दल मंदिर समिती. खुर्च्यांबद्दल टेंटवाले. आणि उंचावरून चौकाचं दृश्य घेता यावं म्हणून आपली गच्ची दिल्याबद्दल श्रीमती अमिता काळे.

*

मंगळवारी दुपारी अमिता काळे सदर बाजारातल्या चॅनलच्या ऑफिसात आली. पस्तिशीची, सडसडीत बाई. तिचा नवरा योगेश रिछाईतल्या एका कारखान्यात टर्नर होता, लेथ चालवायचा; घरी दोन मुली. तिनं पंखा बंद करायला लावला, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “ताई, मी पाह्यलं.”

“काय?”

“सगळंच. मी वर मिरच्या वाळत घालून राहिली होती. बंटीच्या हातात पाना होता, मोठा, पाइपवाल्यांचा. दोघांनी काकांना धरून ठेवलं. पहिला वार गुडघ्यावर केला. काका खाली बसले. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? चश्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. मार खायचाच आहे हे समजलं की माणूस चश्मा सांभाळते, ताई. मग डोक्यावर तीन. बंटीनं स्वतः. तिसऱ्याला काकांचे पाय नुसते थरथरले, कोंबडीचे थरथरतात तसे.”

“मग इतके दिवस काहून नाही बोललीस?”

“योगेश म्हणे, आपल्याला दोन पोरी आहेत. खरंच आहे न त्याचं. पण परवा त्या ऋचाला केसांनी ओढलं, अन् मी वर उभी राहून पुन्हा पाहूनच राहिली. किती वेळा पाहायचं हो?”

तिची एकच अट होती. कुणाला कळता कामा नये. कळलं तर तो घरात शिरेल, आणि पोलीस त्याच्याकडचाच चहा पितात.

“तुझं नखही दिसणार नाही,” विनता म्हणाली. “माझा शब्द आहे.”

आणि विनतानं काळजी घेतली, यात खोटं नाही. अमिताच्या बांगड्या उतरवल्या. वैभवीची ओढणी डोक्यावरून पांघरायला दिली. प्रकाश मागून ठेवला, म्हणजे पुढे नुसती सावली. मराठी वळण कळू नये म्हणून तिला हिंदीतच बोलायला लावलं, वर आवाज जाड केला. मिरच्यांचा उल्लेख कापला. ‘ऊपर से देखा’ एवढे शब्द मात्र राहू दिले, कारण ते काढले तर साक्षीत दमच उरत नव्हता. चौकाभोवती वीस-पंचवीस गच्च्या होत्या. कुठली ते कोण ओळखणार?

ती चार मिनिटं विनतानं शनिवारपर्यंत पाच वेळा तपासली. बाकीचा तास वैभवीनं नेहमीच्या साच्यात बसवला. सुरुवातीला चौकाचं उंचावरून दृश्य, मग तक्रारी, मारामारी, ती सावली आणि शेवटी आभार. आभार कुणी तपासत नसे. ते दर आठवड्याला सारखेच असत.

*

त्या रविवारी नवं शूटिंग ठेवलं नव्हतं; अकरा वाजता तिघं ऑफिसात टीव्हीसमोर बसली होती. दिवाकरनं सदर बाजारातून पोहे-जिलबी आणली होती. त्याच्या कानावर अजून पट्टी होती. सावली बोलू लागली तेव्हा वैभवी रडली. दिवाकर म्हणाला, “चलो, अब हिलेगा सिस्टम.” फोन वाजायला लागले. एका वकिलाचा, एका नगरसेवकाचा. ऋचाचाही आला.

बारा वाजायला पाच मिनिटं होती. पडद्यावर फाटकी कनात आली, तिच्यासमोर स्वतः विनता. स्वच्छ, खणखणीत आवाज.

“...और चौक का पूरा नज़ारा ऊपर से दिखाने के लिए जिन्होंने अपनी छत हमें दी, श्रीमती अमिता काळे, उनके हम विशेष आभारी हैं.”

विनताच्या हातातली बशी खाली पडली. पोहे साडीवर सांडले.

दिवाकरला कळायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, “ताई, पानी की टंकी बीच में आती है. चौकातलं ते बोअर फक्त त्याच एका गच्चीवरून दिसते. मी चार गच्च्या चढून पाहिल्या होत्या. म्हणून तर ती घेतली.”

अमिताचा फोन वाजत राहिला. योगेशचा बंद. विनतानं चौकीला फोन लावला. “गाड़ी भेजते हैं, मैडम,” तिकडचा माणूस म्हणाला. “अभी गाड़ी बाहर है, आते ही भेजते हैं.”

“आत्ताच्या आत्ता पाठवा! लोग मर जाएँगे!”

“मैडम, चिल्लाइए मत.”

दिवाकरनं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मोटारसायकल काढली. सदर ते रिछाई, रविवारच्या दुपारच्या रिकाम्या रस्त्यानंसुद्धा वीस मिनिटं लागली. वाटेत विनता एकच गोष्ट मोजत होती. बंटीला किती वेळ लागला असेल? चौकातल्या त्याच्या ऑफिसपासून अमिताचं घर दीडशे पावलांवर होतं.

*

कॉलनीत शिरताच पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की सगळी दारं बंद होती आणि सगळ्या घरांतले टीव्ही चालू होते. कुणीतरी आवाज वाढवून ठेवला होता.

अमिताच्या घराचा लोखंडी दरवाजा बिजागरीतून निखळून आडवा पडला होता. अंगणात सात-आठ जण. तुळशीचं वृंदावन फोडलेलं. योगेश जमिनीवर पालथा होता. एक जण त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसलेला, दुसऱ्यानं त्याचा उजवा हात वृंदावनाच्या उरलेल्या ओट्यावर ताणून धरलेला. बंटीच्या हातात पाना होता.

“खराद चलाता है ना तू?” बंटी विचारत होता. “इसी हाथ से?”

पाना खाली आला. योगेश ओरडला नाही. त्याच्या नाकातून नुसता श्वास बाहेर फेकला गेल्यासारखा आवाज आला. पाना दुसऱ्यांदा आला तेव्हा बोटं ओट्याला चिकटून राहिली, आणि तो ओरडला.

वरून विटा येत होत्या. अमितानं जिन्याचं दार आतून लावून घेतलं होतं. ती गच्चीच्या कठड्याचा एकेक सैल झालेला तुकडा उपटून खाली फेकत होती, तिच्यामागे दोन्ही मुली एकमेकींना धरून किंचाळत होत्या. दोघे जण खाली जिन्याच्या दाराला खांदा देत होते. अमिता गच्चीवरच्या खोलीत गेली आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून आणलं. पाटा होता. चटणी वाटायचा, दगडी. तिनं तो कठड्यावर टेकवला, नेम धरला आणि ढकलला. दारापाशी वाकलेल्या एकाच्या खांद्यावर तो पडला. त्याचा हात खांद्यापासून भलत्याच दिशेला वळला. तो माणूस बसला आणि आईला हाका मारू लागला.

“बंटी!” विनता ओरडली. “छोड़ उसे! मैं सब देख रही हूँ!”

बंटी वळला. त्याला आनंदच झालेला दिसला. “आइए दीदी. चर्चा करनी है?”

दिवाकरनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. पहिली लाथ कॅमेऱ्यावर बसली, काच त्याच्या भुवईत घुसली. दुसरी पोटात. तो पडल्यावर दोघांनी त्याच्या बरगड्यांवर पाळीपाळीनं लाथा घातल्या, घाई न करता. तिसऱ्यानं कॅमेरा उचलून भिंतीवर आपटला, त्यातलं कार्ड काढलं आणि दातांनी चावून मोडलं.

विनता योगेशच्या अंगावर आडवी पडली. दुसरं काही तिला सुचलं नाही. तिला केसांनी उचलण्यात आलं. मूठ येताना तिला दिसली, बोटात अंगठी होती. जबड्याचं हाड मोडताना आधी आवाज झाला, वेदना नंतर आली. तोंडात दातांचे तुकडे आणि गरम रक्त. ती पडली तेव्हा तिचा गाल योगेशच्या हाताजवळ होता आणि त्या हाताकडे पाहणं तिला टाळता आलं नाही.

“नीचे आ जा, भाभी,” बंटीनं वर हाक दिली. आवाज शांत. “नहीं तो दूसरा हाथ भी है इसका. फिर पैर हैं.”

गच्चीवरचा आरडाओरडा थांबला. विनतानं समोरच्या घरांकडे पाहिलं. एका खिडकीचा पडदा हलला. तिनं हाक मारायचा प्रयत्न केला, पण जबडा उघडेना, नुसती लाळ आणि रक्त.

जिन्याचं दार उघडलं. अमिता खाली आली. हात रिकामे, पदर कमरेला खोचलेला. मुलींना तिनं वरच कोंडून ठेवलं होतं. ती बंटीसमोर चार पावलांवर उभी राहिली.

“मीच होती,” ती मराठीत म्हणाली. मग हिंदीत, “मैं ही थी. इनको छोड़. मुझे मार.”

बंटीनं पाना खांद्यावर घेतला. त्याच वेळी वळणावर पोलीसगाडीचा सायरन ऐकू आला, चाळीस मिनिटं उशिरानं. पळालं कुणीच नाही. बंटीनं पाना योगेशच्या शर्टाला पुसला, जखमी माणसाला दोघांनी उचललं आणि सगळे मागच्या गल्लीनं चालत गेले. जाताना तो विनतापाशी वाकला.

“आपने कुछ नहीं देखा, दीदी. यहाँ कोई कुछ नहीं देखता.”

*

संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर विनता बसली होती. जबडा तारेनं बांधलेला. दिवाकरच्या चार बरगड्या मोडल्या होत्या. योगेशची तीन बोटं काढावी लागली, चौथ्याचं उद्या कळणार होतं. लेथवर तो आता पुन्हा उभा राहणार नव्हता, हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

शहरातून आलेली एक महिला पोलीस अधिकारी दारापाशी थांबली होती. चौकीचा कुणी तिच्यासोबत नव्हता. विनतानं तिला आपला जबाब लिहून दिला. दोन पानं, वेळेसकट. कोण कुठं उभा होता, कुणी काय हातात धरलं होतं, कुणाच्या बोटात अंगठी होती. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. अधिकाऱ्यानं तो वाचला.

“ये आज की घटना हुई,” ती म्हणाली. “लेकिन वो जो परदे में औरत थी? असली रिकॉर्डिंग आपके पास होगी. चेहरे वाली. वही मर्डर का सबूत है. दे दीजिए, मैं आज ही उठवाती हूँ उस बंटी को.”

विनतानं ‘थांबा’ अशी खूण केली. फाइल वैभवीकडे होती. दिली तर ऋचाच्या बापाला न्याय मिळण्याची शक्यता होती. पण मंगळवारी दिलेला शब्द तिनं रविवारी बाराला पाच कमी असताना स्वतःच्या तोंडानं मोडला होता. तो पुन्हा मोडायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क आता तिचा नव्हता. तिनं वही घेतली आणि पलीकडच्या बाकावर बसलेल्या अमितापाशी गेली. मुलींना दोन्ही बाजूंना घेऊन ती बसली होती. साडीवर योगेशचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

विनतानं लिहिलं: *फाइल मागताहेत. देऊ की पुसून टाकू? तू म्हणशील ते. चूक माझी आहे.*

अमितानं वाचलं. आतून योगेशचं कण्हणं येत होतं.

“चूक,” ती म्हणाली. “चूक नाही तर काय. तुम्ही आभार मानले न माझे, ताई. चारचौघांत. लई मान दिला.”

विनता उभीच राहिली.

“पुसून काय होते आता? त्याला माहीत झालं. आता पुसलं तर तो म्हणन, ही बाई भ्याली, हिला केव्हाही तुडवा.” अमितानं नाक पुसलं. “फाइल द्या. पण तुम्ही काही सांगू नका. माझं नाव तुमच्या तोंडातून आता पुन्हा नको. मी सांगीन माझं.”

ती उठली. आत जाऊन योगेशपाशी दोन मिनिटं थांबली. काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही, फक्त एकदा योगेशचा आवाज चढला आणि पुन्हा बसला. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. अधिकाऱ्यासमोर ती खुर्ची ओढून बसली, डोक्यावरचा पदर तिनं मागे सारला.

“लिखिए,” ती म्हणाली. “अमिता योगेश काळे. पहिला वार गुडघ्यावर केला त्यानं. घुटने पे. वहाँ से लिखिए.”

“शुरू से बोलिए,” अधिकारी म्हणाली. “आराम से.”

“आराम से नहीं होगा.” मग तिनं मागे वळून विनताकडे पाहिलं, दिवसात पहिल्यांदाच सरळ. “पोरींजवळ बसा तुम्ही. तेवढं करा.”

विनता बाकाशी आली आणि मधे जागा सोडून बसली. धाकटी भिंतीला डोकं लावून पेंगत होती. थोरलीनं तिला काखेत धरून अलगद उठवलं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, आणि विनताकडे पाठ करून तिला मांडीवर निजवलं.